ऑर्डरचं सॉफ्टवेअर बंद करायचंय, पण तीन वर्षांचा करार झालाय

प्रश्न : कोथरूडमध्ये आम्हा नवरा-बायकोचं छोटं पार्सल किचन आहे, मदतीला दोन मुलं. दोन डिलिव्हरी ॲप आणि फोनवरच्या ऑर्डर एकाच स्क्रीनवर याव्यात म्हणून एका कंपनीचं सॉफ्टवेअर तीन वर्षांच्या करारानं घेतलं. पहिल्या वर्षाचे २८ हजार भरले, पुढच्या दोन वर्षांचे चेक देऊन ठेवलेत. गर्दीच्या वेळी ऑर्डर आपोआप स्वीकारली जाते, पण केओटी (स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची छापील चिठ्ठी) निघतच नाही; डिलिव्हरी बॉय काउंटरवर उभा राहतो तेव्हा कळतं. चार वेळा तक्रार केली. आता कंपनी म्हणते लॉक-इन आहे, म्हणजे मुदतीआधी करार सोडता येत नाही, उरलेले ५६ हजार द्यावेच लागतील, वाद असेल तर बंगळुरूला लवादापुढे या. चेक थांबवू का? आणि नवीन सॉफ्टवेअर घेताना काय बघू?

उत्तर : चेक थांबवायचेच आहेत, पण आज नको. आधी डेटा, मग नोटीस, मग बँक.

नोटीस हातात पडली की कंपन्या लॉगिन बंद करतात, हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत पाहिलंय. त्यामुळे आजच रात्री मेन्यू, विक्रीचे रिपोर्ट, फोनवरच्या ग्राहकांची यादी उतरवून घ्या. मग पुरावा. ऑर्डर किती वाजता स्वीकारली ते ॲपच्या डॅशबोर्डवर दिसतं, केओटीवर छपाईची वेळ असते. शनिवारी रात्री ८.४१ला स्वीकारलेल्या थालीपिठाची केओटी ९.०७ला निघाली असेल, तर ते दोन कागद शेजारी शेजारी लावा. तुमची अख्खी केस त्या २६ मिनिटांत आहे. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. स्क्रीनशॉट कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा ज्या फोनवर ते काढलेत तो एवढ्यात विकू नका.

नोटिशीत चारही तक्रारींच्या तारखा द्या आणि दुरुस्तीसाठी १५ दिवसांची मुदत द्या. करारात वेगळी मुदत लिहिलेली असेल तर ती पाळा. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर करार संपला, चेक परत करा, असं चेकच्या नंबरांसह लिहा. मुदत उलटली की बँकेला स्टॉप पेमेंटचं पत्र द्या, पण खात्यात तेवढी रक्कम असू द्या. पेमेंट थांबवलेल्या चेकवरही कलम १३८ची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टखाली, चेक न वटल्याची) फौजदारी केस होऊ शकते. खात्यात पैसे होते आणि थांबवायला खरं कारण होतं, हे तुम्हाला दाखवावं लागतं. चेक परत गेल्याची नोटीस आलीच तर पैसे भरायला १५ दिवस असतात. त्या काळात वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

लॉक-इनला फार घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ७४नुसार करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही, वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयानं २०१५मध्ये कैलाश नाथ प्रकरणात हे नीट स्पष्ट केलंय. शिवाय इथे आधी करार मोडलाय तो कंपनीनं. पहिल्या वर्षाचे पैसेही मागता येतील, पण खरं सांगू? त्या पैशांवर अडून बसू नका. २८ हजारांसाठी दोन वर्षं घालवण्यापेक्षा चेक परत मिळवून मोकळं व्हा.

लवाद कंपनीच एकटी नेमणार असं कलम असेल तर ते टिकत नाही (सर्वोच्च न्यायालय, पर्किन्स ईस्टमन प्रकरण, २०१९). बंगळुरू हे ठिकाण मात्र सहसा टिकतं. म्हणून लवादाची नोटीस आली तर ती कचऱ्यात टाकू नका, एकतर्फी निवाडा होईल.

ग्राहक आयोगात जा, असं कोणीतरी सुचवेलच. धंद्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२५मध्ये दिला, पण तिथे तक्रारदार मोठी कंपनी होती. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू-सेवेला कायद्यात अपवाद आहे आणि एक-दोन मदतनीस असले तरी तो जात नाही. तुमच्याकडे बरोब्बर दोन मुलं आहेत! पुणे जिल्हा आयोगात तक्रार करता येईल, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण हा रस्ता मी दुसरा धरीन.

आता नवीन सॉफ्टवेअर. सेल्समन जे तोंडी सांगतो ते करारात लिहून मागा, कारण शेवटच्या पानावर बहुधा ‘या कराराबाहेरचं कोणतंही बोलणं बंधनकारक नाही’ असं वाक्य असतं. करार संपल्यावर डेटा किती दिवस आणि कोणत्या फाइलमध्ये मिळेल ते विचारा. जीएसटीचा रिपोर्ट तुमच्या सीएला आधी दाखवा. १ जानेवारी २०२२पासून ॲपवरून गेलेल्या जेवणाचा जीएसटी ॲप भरतं, काउंटरच्या आणि फोनच्या ऑर्डरचा तुम्ही. सॉफ्टवेअरनं दोन्ही विक्री एकत्र धरली तर तोच कर दुसऱ्यांदा तुमच्या खिशातून जाईल. आणि थोडं महाग पडलं तरी महिन्याच्या भाड्यानं घ्या. चेक मागितले तर नाही म्हणा.