बोहेमियन पोशाखात इतके नमुने एकत्र कसे नांदतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. बोहेमियन पद्धतीच्या, म्हणजे सैल आणि नमुन्यांची सरमिसळ असलेल्या कपड्यांत डिझायनर चार-पाच निरनिराळे नमुने आणि कापडे एकत्र घेतात, तरी पोशाख विसंगत का दिसत नाही, ही पहिली. आणि आपल्याजवळ असलेले आजीचे महेश्वरी लुगडे व चार मीटर बाघ छपाईचे (लाकडी ठशांनी हाताने छापलेले) कापड यांतून असा पोशाख शिवता येईल का, ही दुसरी. मी इंदूरमध्ये कपडे बेतण्याचे आणि शिवण्याचे काम करते आणि ही दोन्ही कापडे माझ्या नेहमीच्या हाताखालची आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बहुतेक लोक या प्रश्नाचे उत्तर रंगसंगतीत शोधतात. माझ्या मते ते आधी बेतात, म्हणजे कापड कसे कापायचे त्या आराखड्यात, शोधले पाहिजे. एरवी आपण अंगाच्या मापाने बेत ठरवतो आणि कापडाला त्यात बसवतो. छातीला टक्स घालतो, कंबरेत दाबतो, आणि त्या भानगडीत फुलाची अर्धी पाकळी शिवणीत गेली तरी आपल्याला त्याचे काही वाटत नाही. या प्रकारच्या कपड्यांत ज्यांचे नाव झाले त्यांनी हा क्रम उलटा केला. इंग्लंडच्या झांड्रा ऱ्होड्स यांचे मूळ शिक्षण कापडछपाईचे, शिवणकामाचे नव्हे, आणि त्यांच्या कामात ते सतत दिसते. विणकामाच्या टाक्यांसारख्या रेषांनी भरलेली मोठी वर्तुळे त्यांनी १९६९च्या संग्रहासाठी छापली आणि कोटांचा आकार त्या वर्तुळांवरून ठरवला. पुढे तर छापलेल्या आकृतीची कड हीच कपड्याची कड, असे त्यांनी केले, आणि १९७१च्या सुमारास नमद्याच्या (दाबून केलेल्या लोकरीच्या) कोटांच्या शिवणी आत न लपवता बाहेर काढून त्यांना दातेरी काप दिला. म्हणजे शिवणसुद्धा नमुन्याचाच भाग झाली.

थिया पोर्टर यांचा मार्ग वेगळा होता. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या आणि दमास्कसमध्ये वाढलेल्या या बाईंनी १९६६ मध्ये लंडनच्या सोहो भागात दुकान काढले, ते मुळात घरसजावटीच्या कापडांचे. त्या कापडांबरोबर आणलेले जुने काफ्तान (पायघोळ, सैल झगे) गिऱ्हाइकांना अंगावर घालण्यासाठी हवेहवेसे वाटू लागले, तेव्हा त्या स्वतः तसे कपडे करू लागल्या. काफ्तान आणि अबाया यांचा बेत सरळ पट्ट्यांचा असतो, त्यात कापडाचा जवळजवळ पूर्ण पन्हा (रुंदी) वापरला जातो. अशा सपाट, मोठ्या पट्टीवर जरीकाम, छपाई किंवा भरतकाम अखंड राहते, आणि शेजारी दुसरे कापड आले तरी दोहोंमध्ये एकच सरळ शिवण असते. आपल्याकडच्या जुन्या अंगरख्याचा घेर आणि काखेतला चौकोनी तुकडा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल. बेत जितका साधा, तितके नमुन्यांना मोकळे वावरता येते; बेतही अवघड आणि कापडही गजबजलेले असले की मात्र त्या कपड्याची गोधडी होते.

यानंतर नमुन्याच्या आकाराचा विचार येतो, आणि माझ्या अनुभवात नवशिके शिवणारे सर्वांत जास्त इथे अडखळतात. मोठा छाप चुण्यांत घातला की तो मोडतो आणि दुरून नुसते डाग दिसतात. बारीक बुटी मात्र चुण्यांतही टिकते. म्हणून मोठे नमुने पाठीवर, छातीच्या पट्टीवर, बाहीच्या सपाट भागावर ठेवावेत आणि घेराला बुटी किंवा बारीक जाळीचा नमुना द्यावा. टप्प्यांचा घागरा करायचा असेल तर प्रत्येक टप्पा वरच्याच्या दीडपट घेतात, वरचा १.५ मीटर असेल तर मधला २.२५ आणि खालचा सुमारे ३.४ मीटर होतो. एवढ्या चुण्यांत कोणता नमुना तग धरेल, हे कापड नुसते मुठीत चुरगळून पाहिले तरी कळते. दोन नमुने एकाच आकाराचे असले की ते भांडतात. एक मोठा, एक मध्यम आणि एक नुसता रेघांचा असला की निभावते. या तिन्हींत एखादा रंग समान असावा, आणि तो शक्यतो जमिनीचा, म्हणजे नमुन्यामागच्या कापडाचा असावा, बुटीचा नव्हे.

बाघ छपाई या कामाला इतकी चांगली का, याचे कारण तिच्या प्रक्रियेत आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या बाघ गावी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग लाकडी ठशांनी फिटकरीचा आणि लोहाचा लेप छापतात. हिरड्याशी लोहाचा संयोग होऊन काळा रंग उमटतो. फिटकरीचा भाग पुढे भट्टीत, आलिझरीन हा लाल रंग आणि धावडीची फुले यांबरोबर उकळताना, लाल होतो. सगळा खेळ काळा, लाल आणि पांढरट जमीन यांचा असल्यामुळे बाघचे दोन पूर्णपणे वेगळे ठसे शेजारी ठेवले तरी ते एकाच घरातले दिसतात. ठसा हाताने टेकवलेला असल्यामुळे जोडावर कुठेतरी केसभर सरकलेला असतो. इंदूरच्या सीतलामाता बाजारात बाघच्या नावाने मिळणाऱ्या यंत्रछपाईत हा जोड बिनचूक असतो आणि कापडाची मागची बाजू बहुधा फिकी असते. पॉलिएस्टरवर हेच नमुने छापून ‘बोहो’ (बोहेमियन) म्हणून विकले जातात, त्याबद्दल मी न बोललेलेच बरे.

आता आपल्या कापडांविषयी. लुगड्यात ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असेल, तर जुने रेशीम आधी घडीच्या रेषेवर विरते. ते उजेडासमोर धरून पाहावे आणि घड्या टाळून बेतावे. घट्ट बसणाऱ्या कपड्यात त्याची शिवण फसकते, म्हणून पोलके किंवा चोळी करण्याचा विचार सोडून द्यावा. बाघच्या कापडाची सैल, गुडघ्याखाली जाणारी अंगरखावजा कुर्ती करावी आणि लुगडे तिच्या कडांना वापरावे. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे तो पुढच्या उघड्या कडांना आणि बाहीच्या तोंडाला लावला तर कपडा उलटला तरी शोभतो. पदरावर रंगीत आणि पांढरे पट्टे आळीपाळीने असतील, तर ते पाठीच्या वरच्या भागावर आडवे घ्यावेत, कारण ठशांच्या गर्दीत डोळ्याला टेकायला ती जागा लागते. मगजी (कडेची बारीक पट्टी) मात्र बाघच्याच कापडाची, उरेब (तिरकी) कापून घालावी. लुगड्याची घातली तर विरेल. आतून मलमलीचे अस्तर द्यावे, म्हणजे ओढ जुन्या कापडावर येणार नाही.

कात्री लावण्यापूर्वी बाघचे कापड दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवावे. सुती कापड आटते, आणि सुरुवातीच्या धुण्यात जादा रंगही निघतो. हे न करता ते महेश्वरीला जोडले, तर पहिल्याच धुण्यात लाल रंग काठावर चढेल आणि शिवणीजवळ चुण्या पडतील. लुगडे वेगळे, थंड पाण्यात, रिठ्याने धुवावे आणि न पिळता निथळू द्यावे. चार मीटरमध्ये अशी कुर्ती होऊन थोडे कापड उरेल. ते फेकू नये, काखेतले चौकोनी तुकडे त्यातूनच निघतात.