प्राण्यांचं कार्टून आहे म्हणून निर्धास्त राहू नका

पोस्टरवर हसरे प्राणी दिसले की सिनेमा लहानांचाच, असं धरून चालू नका. ‘फाइंडिंग निमो’ या छोट्या माशाच्या सिनेमाला (2003) अमेरिकेत सर्व वयांसाठीचं ‘जी’ प्रमाणपत्र आहे, तरी पहिल्या काही मिनिटांतच निमोची आई आणि बाकीची सगळी अंडी जातात. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. पुढचे विनोद तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत, “त्याची आई कुठे गेली?” एवढंच ती विचारत राहिली.

तेव्हा प्रमाणपत्र बघा, पण त्यावर थांबू नका. आधी स्वतः बघा. सगळा जमला नाही तर सुरुवात आणि शेवटचा अर्धा तास तरी, कारण पाठलाग, आग, ताटातूट बहुधा तिथेच असते. पडणं-आपटणं मुलांना सहसा चालतं, आईबाबांपासून तुटणं मात्र फार लागतं. विनोद कशावर चाललाय तेही पाहा: जाड्या किंवा तोतऱ्या प्राण्याला सगळे हसत असतील, तर तेच शब्द चार दिवसांत घरात ऐकू येतात.

आणि आवाज! माझी मुलगी घाबरली की डोळ्यांआधी कान झाकायची. तुमच्या पिल्लाने कान झाकले तर तिथेच बंद करा, उरलेला वर्षभराने बघता येईल.