पाकीट उलटं करून बघा

दुकानातून कुरकुरीत पण पौष्टिक खाणं आणायचं असेल, तर पाकिटाच्या दर्शनी बाजूवर जाऊ नका. मागे घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पुढे 'मल्टिग्रेन' आणि यादीत पहिलाच मैदा दिसला, तर पाकीट परत ठेवा. 'बेक्ड' चिवड्यात तेल किती, तेही तिथेच कळतं.

सुरुवात फुटाण्यांपासून करा, अगदी मनापासून सांगते. १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं, भरपूर चोथा, आणि मूठभर खाल्ले की बराच वेळ भूक लागत नाही. सालासकट घ्या. पिवळेधमक मात्र नकोत, रंग लावलेले असू शकतात. ज्वारीच्या लाह्या दिसल्या तर सोडू नका. चमचाभर तेलात हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी पुरते. मखाणे साधेच आणा, मसालेवाल्यांत मीठही वाढतं आणि किंमतही. कुरमुरे हलके, पण नुसते खाऊन पोट भरत नाही. त्यांत फुटाणे, भाजके शेंगदाणे मिसळा. खाकरा चालेल, तेल बघून.

घरी आल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पावसाळ्यात हे सगळं बघता बघता सादळतं.