फोर्टकडे येणाऱ्या टेम्पोचा डेटा बोरिवलीला जाणाऱ्याच्या दुप्पट का?

गाडी दक्षिणेकडे येते म्हणून. थट्टा नाही, कारण खरंच तेवढंच आहे.

तुम्ही लिहिलंय की टेम्पोचं लोकेशन दर १० सेकंदांनी प्रोटोबफमधून (डेटा थोड्या बाइटांत बांधून पाठवायचा गूगलचा फॉरमॅट) जातं. अक्षांश-रेखांश १ लाखाने गुणून पूर्णांक केलेत, मागच्या पॉइंटपासूनचा फरक इंट३२ मध्ये (३२ बिटांचा उणे-अधिक पूर्णांक) जातो आणि वेळ पूर्ण सेकंदांत. आता बघा, बोरिवलीचा अक्षांश साधारण १९.२३ आणि फोर्टचा १८.९३. वर जाताना अक्षांशातला फरक अधिक, खाली येताना उणे. घोळ आहे तो या उण्यात.

प्रोटोबफ असे आकडे व्हॅरिंटने लिहितो, म्हणजे आकडा लहान तर बाइट कमी. त्यात बाइटच्या आठ बिटांपैकी सात आकड्याला मिळतात. सर्वांत वरचा बिट फक्त ‘पुढे अजून बाइट आहे’ एवढं सांगतो. म्हणून ० ते १२७ एका बाइटमध्ये बसतात. ३०० ला दोन लागतात: खालचे सात बिट म्हणजे ४४, त्यात खुणेचे १२८ मिळवून १७२, आणि मागून २. फायदा होतो तो फक्त आकड्याच्या डावीकडची शून्यं न पाठवण्याचा. उणे आकड्याला डावीकडे शून्यं नसतातच, तिथे सगळे १ असतात. त्यात प्रोटोबफ उणे इंट३२ ला इंट६४ शी जुळावं म्हणून ६४ बिटांपर्यंत ताणतो. ६४ बिटांचे सात-सातचे तुकडे पाडले की होतात १० बाइट. थोडक्यात, +५० ला १ बाइट आणि −५० ला १०! रेखांशाचा फरक रस्त्याच्या वळणांप्रमाणे दोन्ही दिशांना उणे-अधिक होत राहतो, त्यामुळे बोरिवलीकडच्या ट्रिपाही थोड्या फुगलेल्याच असणार. फक्त तुमच्या नजरेत आल्या नाहीत.

उपाय म्हणजे इंट३२ ऐवजी एसइंट३२. हा प्रकार आधी झिगझॅग करतो: ० चा ०, −१ चा १, १ चा २, −२ चा ३, असं पुढे. मग −६४ ते ६३ एका बाइटमध्ये मावतात. तुमच्या मापात एक एकक म्हणजे जवळपास १.१ मीटर. ताशी २० किलोमीटरने १० सेकंदांत गाडी ५५ मीटर जाते, म्हणजे ५० एकक, एक बाइट. हायवे मोकळा मिळून ५० चा वेग लागला तर दोन बाइट. ट्रॅफिक जितका तुंबलेला तितका डेटा लहान, त्यामुळे मुंबईत चिंता नको. गूगल मॅप्सच्या पॉलिलाइनची (नकाशावरचा मार्ग अक्षरांत लिहायची पद्धत) युक्तीही हीच आहे: १ लाखाने गुणा, फरक घ्या, चिन्ह शेवटच्या बिटात ढकला. फक्त तिथे तुकडे पाच बिटांचे असतात, कारण शेवटी छापता येणारी अक्षरं हवी असतात.

वेळेकडेही बघा. कॉम्प्युटर वेळ म्हणून मोजतो ते १९७० पासूनचे सेकंद आता १७० कोटींच्या पुढे आहेत, म्हणजे ३१ बिट, व्हॅरिंटमध्ये ५ बाइट. साधा फिक्स्ड३२ हा प्रकार कायम चारातच भागवतो. फरक पाठवलात तर तो बहुधा १० च असेल आणि एका बाइटमध्ये जाईल. व्हॅरिंट म्हणजे कॉम्प्रेशन हा समज मला नेहमी खटकतो. आकडे मुळात लहान नसतील तर तो नुसता तोटा आहे. ३२ बिटांचे रँडम आयडी घेतले तर १६ पैकी १५ आकडे पाच बाइट खातात. तसल्या फील्डना सरळ फिक्स्ड३२ द्या.

प्रत्येक पॉइंटचा वेगळा मेसेज करत असाल तर तेही थांबवा. अनेक पॉइंटांची एक बॅच करून एका मेसेजमध्ये अक्षांश, रेखांश, वेळ अशा तीन रिपीटेड (आकड्यांची यादी धरणाऱ्या) फील्ड ठेवा. प्रोटो३ (प्रोटोबफची तिसरी आवृत्ती) त्या आपोआप पॅक करतो आणि दर आकड्यामागचा टॅग (फील्डचा नंबर आणि प्रकार सांगणारी खूण) वाचवतो. प्रत्येक बॅचचा पहिला पॉइंट मात्र पूर्ण पाठवा, नाहीतर बोगद्यात एक बॅच हरवली की पुढचा सगळा टेम्पो सरकलेला दिसेल.

आणि चालू फील्डचा टाइप जागच्या जागी बदलू नका. इंट३२ आणि एसइंट३२ वायरवर, म्हणजे पाठवलेल्या बाइटांत, एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या अ‍ॅपने पाठवलेला ५० नवा सर्व्हर २५ वाचेल, एररही येणार नाही. नवे फील्ड नंबर घ्या, जुने रिझर्व्ह करा (पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून), आणि सगळ्या ड्रायव्हरांचे फोन अपडेट होईपर्यंत सर्व्हरवर दोन्ही वाचत राहा.