यंदा पेपर अवघड असेल का?

दिवाळी तोंडावर आली की कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांत एमबीएला जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या, माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, यंदा कॅट कसा येईल? डीआयएलआर पुन्हा अवघड काढतील का?" डीआयएलआर म्हणजे तक्ते-आलेख वाचण्याचा आणि तर्काचा विभाग. नांदेड, लातूर, परभणी, बीड, गाव बदलतं, प्रश्न तोच. मुलांच्या मोबाइलमध्ये जुन्या वर्षांचे तक्ते असतात. 2019 ला 100 प्रश्न आणि तीन तास, 2020 ला 76 आणि दोन तास, पुढे 66, मग 2024 ला 68. सगळं तोंडपाठ, आणि झोप उडालेली.

परभणी जिल्ह्यातली अशीच एक मुलगी (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत). बारावी लातूरला, नंतर इंजिनिअरिंग. वडील सोबत आले होते. "रात्र रात्र व्हिडिओ बघती मॅडम. पेपर कसा येणार, त्याचेच."

मी तिला विचारलं, "समज, डीआयएलआर अवघडच येणार हे तुला आज पक्कं कळलं. उद्यापासून वेगळं काय करशील?"

"त्याचे अजून व्हिडिओ बघेन," ती म्हणाली आणि स्वतःच गप्प झाली.

तीन सत्रांना तीन वेगळे पेपर असतात, सोप्या-अवघडपणातला फरक गुण काढताना समायोजित होतो, आणि पर्सेंटाइल म्हणजे इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते. तेव्हा पेपर अवघड निघाला तर तो एकट्या तिला अवघड नसतो. तिला हे सगळं माहीत होतं. "कळतं मॅडम, पण पटत नाही."

हे वाक्य ऐकलं की मी माहिती देणं थांबवते. पेपर माणसाला घाबरवत नाही. पेपरबद्दल मनात धरलेला हट्ट घाबरवतो. इतक्या वर्षांच्या कामात मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि तो हट्ट नेमका कुठला हे शोधणं हेच मी माझं काम मानते.

पुढच्या वेळी तिला सराव पेपर घेऊन बोलावलं. डीआयएलआरच्या 40 मिनिटांपैकी बहुतेक वेळ पहिल्याच संचात, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटात, गेला होता. तो सुटला नव्हताच, आणि शेवटचे तीन संच तिनं वाचलेही नव्हते.

"पंधरा मिनिटं झाली तेव्हा मनात काय चाललं होतं?"

"सोडला तर हरले."

"हे कुणी सांगितलं?"

बराच वेळ ती बोलली नाही. मीही घाई केली नाही. मग म्हणाली, "अकरावीत सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं. एकही प्रश्न सोडायचा नाही. मी कधी सोडला नाही मॅडम. म्हणून तर मार्क पडले." आणि ती रडायला लागली.

लातूरच्या त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. सराव, पुन्हा सराव, पुन्हा चाचणी, यावर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं नशीब पालटलं. पण बोर्डाच्या पेपरात सगळं सोडवणाऱ्याचा मान असतो. कॅटमध्ये बरोबर उत्तराला 3 गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला की 1 वजा, आणि वेळ इतका कमी की सगळं सोडवणं जवळपास कुणालाच जमत नाही. 2024 ला डीआयएलआरचे पाच संच होते. त्यातले दोन-तीन नीट सुटले तरी मूल चांगल्या जागी पोचतं. तिची भीती अवघड पेपराची नव्हतीच. प्रश्न सोडून देणं हा तिला गुन्हा वाटत होता, आणि सोडावं लागणार नाही अशी हमी ती ट्रेंडमध्ये शोधत होती.

मी तिला एकच काम दिलं. सुरुवातीची चार-पाच मिनिटं सगळे संच नुसते वाचायचे, निदान एक मुद्दाम सोडायचा, आणि का सोडला ते पेपरनंतर लिहायचं. पहिल्यांदा हात थरथरला म्हणाली. महिनाभरात फोन आला, "आज दोन सोडले मॅडम, आणि मार्क वाढले!" त्या आवाजातला मोकळेपणा मला अजून ऐकू येतो.

ट्रेंड बघू नका असं मी म्हणत नाही. परीक्षेचा आराखडा समजायला एक संध्याकाळ पुरते. विभागांचा क्रम ठरलेला, मागे जाता येत नाही. म्हणून डीआयएलआर बिघडला तरी लगेच समोर येणाऱ्या गणितात नव्यानं बसायचा सराव करा. टायटा, म्हणजे पर्याय नसलेल्या आणि उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना चुकल्यास गुण वजा होत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि पालकहो, सराव पेपर झाला की "किती सुटले?" विचारू नका. "कुठले सोडलेस, का?" असं विचारा. तिच्या वडिलांनी हे मनापासून केलं, आणि घरातला ताण निम्मा उतरला.

कॅटनंतर तिनं राज्याची एमबीए सीईटीही दिली. तिथं 200 प्रश्न, 150 मिनिटं, निगेटिव्ह नाही. मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "इथं मात्र सरांचं ऐकते, एकही रिकामा ठेवत नाही." दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी सीईटीचे पूर्ण सराव पेपर कॅट झाल्यावरच लावावेत. दोन उलट सवयी एकाच आठवड्यात अंगी बाणवता येत नाहीत.