गडवाटेवरची जखम आणि फवाऱ्याची पट्टी

प्रश्न : सह्याद्रीत भटकताना खरचटल्यास फवारून लावायची जेल-पट्टी (जखमेवर पातळ थर धरणारा फवारा) पुरेशी ठरते का?

उत्तर : उथळ खरचटण्यापुरती ती उपयोगी आहे, मात्र मुरमाचे बारीक खडे जखमेत राहिले, तर ती घाण त्या थराखालीच कोंडली जाते, म्हणून आधी पिण्याच्या पाण्याची धार धरून, कण दिसेनासे होईपर्यंत जखम धुवावी. रक्त वाहत असल्यास फवारा बाजूला ठेवावा आणि स्वच्छ कापडाने किमान १० मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, घट्ट दाबून धरावे. यांतील काही फवारे ज्वालाग्राही असल्याने चुलीजवळ ते मुळीच वापरू नयेत. माझ्या मते पिशवीत गॉज आणि रोलर बँडेज आधी, फवारा नंतर. खोल किंवा मळलेल्या जखमेसाठी धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.