सोयाबीन पेरणी यंत्राची (भोकांत एकेक बी उचलून सोडणारी) तुटलेली चकती थ्रीडी प्रिंट करून चालेल का?

चालेल, पण पीएलएमध्ये नको, पीईटीजीमध्ये काढा (दोन्ही थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरायची प्लास्टिकं). पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतो, आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे उन्हात उभ्या यंत्राची लोखंडी पेटी त्याच्या आसपास तापू शकते. चकती जराशी वाकली तरी पेटीच्या बुडाला घासते आणि बी फुटतं. पीईटीजी मात्र साधारण 75-80 अंशांना मऊ पडतो.

चकती आडवीच छापा; उभी छापली तर थर सुटून दाते मोडतात. थर 0.2 मिमी, भिंती (कडेने एकाला एक लागून छापलेल्या रेघा) किमान 4. खरी गडबड बी बसायच्या भोकांत होते. ती आखलेल्या मापापेक्षा 0.2 ते 0.4 मिमी लहान येतात. म्हणून आधी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या भोकांची पट्टी काढा आणि त्यात तुमचंच बियाणं टाकून बघा, तेही बीजप्रक्रिया केलेलं; औषधाच्या थराने दाणा अडकतो. (व्हर्निअर नसेल तर आणाच, साध्या मोजपट्टीने हे माप मिळत नाही.)

फक्त, ही चकती मापाची खात्री करण्यापुरती धरा. वावरातल्या धुळीने मधलं भोक लवकर झिजतं. माप जमलं की तीच चकती नायलॉनच्या पत्र्यातून कापून घ्या.